बुटांखालचं प्रवाळ

सकाळी नाल्याच्या तोंडाशी जेसीबी आला. दुपारपर्यंत पाणकणसाचं सगळं रान निघालं. संध्याकाळी मुरूम पडला आणि पुढच्या आठवड्यात त्यावर फरशी बसली. मी तेव्हा लातूरला होते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. मुरूम पडला त्याच संध्याकाळी दवाखान्यात माझ्या फोनवर फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'सरांचं राहिलेलं काम पूर्ण.' मी तो फोटो पाहिला आणि फोन उलटा करून उशाशी ठेवला.

सर म्हणजे नांदेडचे माझे घरमालक. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्याच कॉलेजच्या ग्रंथालयात मला नोकरी लागली आणि खोली शोधत मी त्यांच्या दारात उभी राहिले, ती आजही त्याच घरात राहते. त्या पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गावही विचारलं नाही. विचारलं ते असं :

"साबण कोणता वापरता?"

मी साबणाचं नाव सांगितलं.

"न्हाणीतलं पाणी कुठं जातं?"

"नालीत."

"आन् पुढं?"

"नाल्यात असेल."

"आन् पुढं?"

"गोदावरीत."

"आन् पुढं?"

सरांनी खुर्चीतून उठून भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं आणि ते हळूहळू उजवीकडे नेलं. "हे धर्माबाद. हितून तेलंगण. मंग आंध्र. राजमहेंद्रीच्या खाली फाटे फुटतात, आन् समुद्र. तुमचं डोकं धुतल्यालं पाणी समुद्रात जाणार हाय, मॅडम. आता सांगा, साबण कोणता?"

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, खोली द्यायची का न्हाई ते तरी सांगा. पोरगी कवाची उभी हाय."

खोली मिळाली. साबण मात्र बदलावा लागला.

बैठकीच्या खोलीत बुद्धाची मूर्ती होती आणि समोरच्या भिंतीला काचेचं कपाट. दुसऱ्यांच्या घरी अशा कपाटात ढाली, चषक, बाहुल्या असतात. सरांच्या कपाटात मधल्या फळीवर चामडी बुटांचा एक जोड होता. त्यावर खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग पडले होते आणि ते मुद्दाम पुसलेले नव्हते. नवा माणूस घरात आला की त्याची नजर तिकडे जायची, आणि तो विचारायच्या आत सर सांगायला लागायचे. पोस्टमनला, गॅसवाल्याला, जावयाच्या वडिलांना, सगळ्यांना त्यांनी ती गोष्ट सांगितली होती. वर्गात तर दरसाल सांगत. मी ती इतक्यांदा ऐकली की आता त्यांच्याच शब्दांत लिहू शकते.

"नोकरीभर प्रवाळ शिकवलं. फळ्यावर काढलं, पोरांकडून पाठ करून घेतलं. डोळ्यानं बघितलं न्हवतं. मंग एका साली सहल घेऊन कोकणात गेलो. ओहोटी होती. खडक उघडे पडल्याले. मी एका उंचवट्यावर उभा राहिलो, हातात छडी, पुढं पोरं. म्हणलं, प्रवाळ म्हंजे दगड न्हवं. जित्ता जीव हाय. लई नाजूक. हात सुद्धा लावू नये. आन् नमुना दाखवावा म्हणून छडी खाली नेली, तर ती माझ्याच बुटाला लागली."

इथे ते थांबायचे. ऐकणारा हसायचा. सर हसायचे नाहीत.

"बुटाखाली होतं ते. टाचंखाली कुस्करलं होतं. मी त्याच्यावर उभा राहून त्याचंच गुणगान करायलो होतो."

पोरांना त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. लपवलं नाही. पुढे त्या किनाऱ्यावरच्या लोकांकडून त्यांना कळलं की बुटांनी मोडतं त्याहून कितीतरी जास्त प्रवाळ खाडीतून येणाऱ्या गाळानं आणि घाण पाण्यानं मरतं. पूर्वी खाडीच्या काठानं खारफुटी होती. ती तोडून जागा भरून घेतल्यापासून सगळं पाणी न गाळता थेट समुद्रात जात होतं. गावातली काही माणसं तिथे पुन्हा खारफुटी लावत होती. सरांनी सहल पुढे पाठवून दिली आणि स्वतः तिथेच राहिले. बूट काढून गुडघाभर चिखलात उतरले. परत आले ते अनवाणीच. बूट हातात होते.

त्यानंतर त्यांनी बूट कधी घातले नाहीत. कॉलेजात चपला घालून जात. प्राचार्यांनी टोकलं तेव्हा म्हणाले, "जिम्मेदारी पायातून सुरू होती, साहेब." प्राचार्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी पुन्हा विचारलंही नाही.

निवृत्तीनंतर सरांनी आमच्या भागातल्या नाल्याचं तोंड धरलं. नाला जिथे गोदावरीला मिळतो, तिथे एक खोलगट जागा आहे. जुने लोक सांगतात, तिथे बारा महिने पाणी थांबायचं, लव्हाळा असायचा, बगळे असायचे. मग शहरात कुठे जुनी घरं पाडली की त्यांचा राडारोडा तिथे पडायला लागला. सर रोज सकाळी घमेलं आणि टिकाव घेऊन जात आणि तो राडारोडा उचलून कडेला टाकत. लोकांना वाटलं, रिटायर झाल्यावर डोक्यावर परिणाम झाला. जागा उघडी पडली तेव्हा ते हदगावकडच्या आपल्या गावी गेले आणि तळ्यातून पाणकणीस मुळांसकट उपटून, ओल्या गोणपाटात गुंडाळून एसटीनं घेऊन आले. कंडक्टरनं विचारलं, "हे काय हो, गुरुजी?" सर म्हणाले, "ॲडमिशनला आणायलाव." कंडक्टरनं लगेजचं तिकीट फाडलं.

मी वाचणारी बाई. मी एकदा ग्रंथालयात पुस्तकं चाळून त्यांना म्हणाले, "सर, गोदावरीच्या मुखाशी प्रवाळ नाहीच." मला वाटलं, त्यांना धक्का बसेल.

"माहीत हाय मला," सर म्हणाले. "प्रवाळाला नितळ पाणी लागतं. तेवढ्या गाळात ते कसं जगंल? तिथं खारफुटी हाय, ती जमंल तेवढं गाळून घेती. तिच्या पल्याड उपसागर हाय आन् उपसागराला काही कंपाऊंड न्हाई. आपला थेंब अंदमानातल्या प्रवाळापर्यंत जाणार बी न्हाई. पण जाणार न्हाई म्हणून घाण सोडायची, आन् गाळायला दुसऱ्याची झाडं, ह्याला काय म्हणायचं? मला शरमिंदं वाटतं, मॅडम. दुसरं काही न्हाई."

त्यांना खरंच तसं वाटायचं. मी अनेक माणसांना पाण्याबद्दल रागानं बोलताना ऐकलं आहे, सरांना कधी नाही. ते लाजायचे. नाल्यात फेस दिसला की समुद्रापुढे स्वतःच उघडे पडल्यासारखे मान खाली घालायचे.

त्यापायी त्यांनी आम्हालाही लाजवलं. गल्लीत एक लग्न होतं. मी काठापदराची साडी नेसून पंगतीत बसले होते. आचारी कढईतलं तळणाचं तेल नालीत ओतणार, हे सरांना माहीत होतं. ते घरून मोठा डबा घेऊन आले आणि आचाऱ्याच्या मागे जाऊन उभे राहिले. फेटेवाले पाहुणे बघायला लागले. वाढप्यांपैकी एकाला वाटलं, म्हातारा मागायला आलाय. त्यानं डब्यात जिलब्या टाकल्या. सरांनी आभार मानले आणि म्हणाले, "आता तेल बी द्या." माझ्या शेजारच्या बाईंनी विचारलं, "हे कोण हो?" मी म्हणाले, "माझे घरमालक," आणि पानावर खाली बघत राहिले. घरी काकू तेलात बुडालेल्या जिलब्यांकडे बघून म्हणाल्या, "माझी इज्जत न्हाई ठिवली तुमी या गल्लीत." सर म्हणाले, "तेल वाचलं."

आणखी एक सांगायला हवं. माझी आई लातूरहून पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा काकूंनी चहा केला. आई म्हणाली, आज उपास आहे. चहा उपासाला चालतो, हे तिथे सगळ्यांनाच माहीत होतं. पुढच्या वेळी आली तेव्हाही तिचा उपास होता. काकू कप घेऊन आत गेल्या. मी जमिनीकडे बघत होते. आई गेल्यावर सर मला म्हणाले, "तुमच्या आईचे उपास लई हायत. तब्येतीला जपा म्हणा." आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

आता पाणकणसाचं. ते वर्षभरात दाट वाढलं. वरून येणारं पाणी काळं, फेसाळ. त्या गर्दीतून हळूहळू झिरपून खालच्या टोकाला निघे ते निवळ. पिण्यासारखं नव्हे, पण त्यात गप्पी मासे जगायचे. सरांनी दोन काचेच्या बाटल्या खिडकीत ठेवल्या होत्या, एक 'वरचं', एक 'खालचं'. पाहुण्याला दोन्हींचा वास घ्यावा लागे, मगच चहा.

दरसाल उन्हाळा संपायच्या आत सर विळा घेऊन पाण्यात उतरायचे आणि पाणकणीस बुडख्यापासून थोडं वर कापायचे. मी कारण विचारलं तेव्हा त्यांनी घरी आल्यावर सांगितलं. पाण्यातली घाण ते खातं, अंगात साठवतं. तसंच ठेवलं तर तिथंच सडून घाण पुन्हा पाण्यात. म्हणून कापून बाहेर काढायचं, म्हणजे ते पुन्हा फुटतं आणि पुन्हा खातं. कापलेलं वाळवून ते छपरं शाकारायला देऊन टाकत.

"घरी आल्यावर सांगितलं" असं लिहिलं, कारण पाण्यात उभे असताना सर बोलत नसत. एरवी अखंड बोलणारा हा माणूस काठावर चपला काढायचा आणि मुका व्हायचा. कुणी हाक मारली तर हात वर करायचा, एवढंच. मी एकदा विचारलं, काहून असं. म्हणाले, "एकदा उभा राहून बोललो हाय मी. ते पुरं झालं."

नाल्याच्या पुलावरून त्यांचे जुने विद्यार्थी मोटारसायकलीनं जात. त्यांना दिसायचं ते एवढंच : पांढऱ्या केसांचे सर गुडघाभर घाण पाण्यात, हातात विळा, एकटेच रान कापतायत. पुढच्या साली पुन्हा तेवढंच रान, पुन्हा सर. बालाजी नावाचा त्यांचा एक विद्यार्थी आता ठेकेदार आहे. तो थांबून ओरडायचा, "जयभीम, सर! दोन माणसं लावू का? एका दिवसात साफ करतेत." सर हात वर करायचे. बालाजीला वाटायचं, सर भिडस्त आहेत.

मागच्या वैशाखात सर दुपारच्या झोपेतून उठले नाहीत. काकूंनी चहाला हाक मारली, मग मला हाक मारली. त्यांनी नाल्याबद्दल काही सांगून ठेवलेलं नव्हतं. आपल्यामागे कुणी आपलं स्मारक करील, हा विचार त्यांना शिवलाच नसावा.

स्मृतिदिनाला मी लातूरहून आले. सकाळी घरी वंदना झाली. पांढऱ्या साडीतल्या काकू शांत होत्या. त्यांच्या पायांनी त्यांना पुलापर्यंत जाववत नाही. त्यांनी अजून काही पाहिलं नव्हतं. बालाजी गाडी घेऊन आला आणि दोघींना हाताला धरून बसवलं. "काकू, सरप्राइज हाय," म्हणाला. त्याचे डोळे रात्र-रात्र न झोपल्यासारखे लाल होते. सगळ्या बॅचनं मिळून केलं होतं, परवानगी रीतसर काढली होती, जेसीबी आणि मजुरी त्याची स्वतःची होती.

खोलगट जागा आता राहिली नव्हती. तिथे लाल-करडी फरशी होती, तिच्यावर मांडव, दोन बाकं, आणि सरांच्या नावाचा संगमरवरी फलक. नाल्याचं पाणी कडेनं एका पाइपात घातलं होतं. पाइपाचं तोंड नदीत होतं. तिथे फेस होता.

काकूंनी माझा हात धरला.

भाषणं झाली. सगळी मनापासून होती. शेवटी बालाजी उठला. त्यानं सरांचा आवाज काढला, तीच लकब, तोच थांबा, आणि बुटांची गोष्ट सांगितली. "प्रवाळ म्हंजे दगड न्हवं. जित्ता जीव हाय..." माणसं डोळे पुसत हसत होती. छडी बुटाला लागली तिथे टाळ्या पडल्या. मग तो स्वतःच्या आवाजात म्हणाला, "सर म्हातारपणी एकटे हे रान कापायचे. संपायचं न्हाई त्यांना. आम्ही पुलावरून बघायचो आन् लाज वाटायची आमची आम्हालाच. आज सरांचं राहिलेलं काम आम्ही पूर्ण केलं." तो रडत होता.

मग त्यानं माईक माझ्या हातात दिला. "मॅडम, दोन शब्द. तुम्ही घरातल्याच."

मी चार माणसांत बोलणारी नाही. समोर पन्नाशीकडे झुकलेली मुलं बसली होती, कडक इस्त्रीचे शर्ट घालून, आणि सगळ्यांच्या पायात बूट होते. माझेही पाय उघडे नव्हते, चपला होत्या. न बोलताही चाललं असतं. 'सर मोठे होते' म्हणून खाली बसता आलं असतं, आणि काकूंनाही ते चाललं असतं असं मला वाटतं. मी चपला काढल्या. फरशी तापली होती.

"सर हे काढत नव्हते," मी म्हणाले. "सरांनीच हे लावलं होतं. ते दरसाल कापायचे, पुन्हा फुटावं म्हणून. ते पाणी गाळायचं. हेच त्यांचं काम होतं."

बालाजी माझ्या शेजारीच उभा होता. त्यानं माईकमध्ये नाही, मला एकटीला विचारलं,

"म्हंजे... त्यातलं कोणतं काढायचं न्हवतं, मॅडम?"

"कोणतंच."

त्यानं खाली पाहिलं. आपल्या बुटांकडे. नंतर तो काठाला जाऊन पाइपाच्या तोंडाशी, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. एकजण माझ्याकडे येऊन रागानं म्हणाला, "हे आधी सांगायचं होतं, मॅडम. सगळ्यांपुढं काहून?" त्याचं बरोबर होतं. दवाखान्यात फोन उलटा ठेवला त्याऐवजी बालाजीला लावला असता, तर निदान फरशी थांबली असती. मी तसं त्याला सांगितलं.

काकू बाकाला धरून उठल्या आणि हळूहळू बालाजीपर्यंत गेल्या. "घरी चल. जेवून जा," म्हणाल्या. "त्यांनी तर स्वतःच तुडवलं हुतं रे. तवा काय केलं त्यांनी? बूट काढले आन् चिखलात उतरले. चल, आधी जेव."

जेवताना बालाजीची पाठ कपाटाकडे होती. तो मागे वळून बघत नव्हता. हात धुताना त्यानं न्हाणीच्या पाण्याकडे बोट करून विचारलं, "हे कुठं जातं?" मी परसात नेऊन दाखवलं. घरातलं सांडपाणी जिथे नालीला मिळतं तिथे सरांनी सिमेंटचा एक जुना हौद मातीनं भरून पाणकणीस लावलं होतं, नाल्यातलं कधी मेलं तर बी असावं म्हणून. तो तिथे बराच वेळ उकिडवा बसून राहिला. मग म्हणाला, "मुळासकट काढावं लागंल ना? सरांसारखं?"

खालच्या टोकाची फरशी त्यानं स्वतः काढली, मजूर न लावता. सगळी काढू दिली नाही. बॅचमधल्या काहींचं म्हणणं पडलं की एवढा खर्च केलाय, मोडतोड बरी दिसत नाही, आणि फलक हलवला तर सरांचा अपमान. खालचा मुरूम पूर्ण निघाला नाही. आम्ही हौदातलं पाणकणीस नेऊन लावलं. बरंचसं पिवळं पडून गेलं. आईला मी लातूरला फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आता येईन तेव्हा त्या बाईंच्या हातचा चहा घेईन मी." अजून ती आलेली नाही, गुडघा दुखतो.

फलक तिथेच आहे. बाकांवर संध्याकाळी माणसं बसतात. कपाटात बूट आहेत, काकू ते पुसत नाहीत. नाल्याच्या खालच्या टोकाला दोन खाटा मावतील एवढ्या जागेत पाणकणीस आहे, आणि रविवारी बालाजी अनवाणी त्यात उतरतो. तो तिथे बोलत नाही. थोडं पाणी त्यातून झिरपून निवळ होऊन जातं. बाकीचं कडेच्या पाइपातून, आहे तसं, गोदावरीत जातं, आणि पुढं.